मूल कोमात आहे: किती गंभीर आहे, पुढे काय होईल? नातेवाईक आम्हाला विचारतात ते प्रश्न

मुलांच्या आयसीयूत मी सिस्टर म्हणून बरीच वर्षं काढली. डॉक्टर राउंडला येऊन दोन वाक्यं बोलून जातात आणि मग आईवडील आमच्याकडे वळतात, "सिस्टर, ते आकडा म्हणाले तो काय होता?" तेच प्रश्न आणि त्यांची उत्तरं, जमेल तशी सोप्या भाषेत इथे लिहिलीयेत. तुमच्या मुलाबद्दलचा शेवटचा शब्द तुमच्या डॉक्टरांचाच, पण त्यांच्याशी बोलताना काय विचारायचं ते तरी यावरून कळेल.

कोमा म्हणजे नक्की काय? ती झोपल्यासारखीच तर दिसतेय.

झोपलेल्या मुलाला हलवलं, हाक मारली, चिमटा काढला की ते जागं होतं, रडतं, निदान हात तरी झटकतं. कोमातलं मूल डोळे उघडत नाही, सांगितलेलं करत नाही, काही बोलत नाही, आणि कितीही उठवलं तरी त्यात बदल होत नाही. त्याच्या अलीकडे बऱ्याच पायऱ्या आहेत, गुंगी, बरळणं, हाक मारली की डोळे उघडून परत मिटणं, आणि घरचे लोक या सगळ्याला "बेशुद्ध" असा एकच शब्द वापरतात. म्हणून तर मोजावं लागतं, नाहीतर सकाळच्या डॉक्टरची "बेशुद्ध" आणि रात्रीच्या डॉक्टरची "बेशुद्ध" वेगळी निघते आणि मधल्या वेळात मूल खालावलं की सुधारलं ते कुणालाच सांगता येत नाही.

फाईलवर ई२ व्ही२ एम४ असं लिहिलंय, हे काय आहे?

याला ग्लासगो कोमा स्केल म्हणतात, आम्ही नुसतं जीसीएस म्हणतो. १९७४ साली ग्लासगोमधल्या टीसडेल आणि जेनेट या दोन डॉक्टरांनी हे काढलं. ई म्हणजे डोळे, ४ मार्क. व्ही म्हणजे बोलणं, ५ मार्क. एम म्हणजे हातापायांची हालचाल, ६ मार्क. एकूण १५, आणि कमीत कमी ३, कारण काहीच केलं नाही तरी प्रत्येकात १ मिळतोच, त्यामुळे "शून्य स्कोअर आहे" असं कुणी सांगितलं तर ते चुकीचं ऐकलंय समजा. ८ किंवा त्याहून कमी म्हणजे कोमा, आणि साधारण याच टप्प्यावर मुलाला स्वतःचा श्वासमार्ग सांभाळता येत नाही म्हणून नळी टाकायचा विचार होतो. डोक्याला मार लागलेल्यांमध्ये १३ ते १५ सौम्य, ९ ते १२ मध्यम, ८ किंवा त्याहून कमी गंभीर असं धरतात.

बेरजेपेक्षा तीन वेगळे आकडे मागा. दोन मुलांची बेरीज ८ असू शकते पण एक दुखवल्यावर बरोबर त्या जागी हात नेऊन आमचा हात ढकलतंय, दुसरं फक्त हात आखडतंय, या दोघांची परिस्थिती सारखी नाही. तिघांत पुढचं सगळ्यात जास्त एम सांगतो. ६ म्हणजे सांगितलेलं करतो, ५ म्हणजे दुखतंय तिथे हात नेतो, ४ म्हणजे हात काढून घेतो, ३ म्हणजे कोपरात आखडून छातीकडे ओढतो, २ म्हणजे हातपाय सरळ ताठ करतो, १ म्हणजे काहीच नाही. व्हीसमोर "टी" लिहिलेला दिसला तर घाबरू नका, घशात नळी आहे म्हणून बोलता येत नाही एवढाच त्याचा अर्थ.

आमची मुलगी आठ महिन्यांची आहे, तिला बोलताच येत नाही, मग बोलण्याचे मार्क कसे देतात?

लहान बाळांसाठी वेगळा तक्ता असतो. हुंकार देणं, बडबड करणं म्हणजे ५. चिडचिडं रडणं ४. दुखवल्यावरच रडणं ३. दुखवल्यावर नुसतं कण्हणं २. हालचालीतही "सांगितलेलं करतो" ऐवजी आपणहून नेहमीसारखे हातपाय हलवतंय का ते बघतात.

ब्लँटायर नावाचा अजून एक तक्ता आहे, मलावी देशातल्या ब्लँटायर शहरात मेंदूच्या मलेरियाच्या मुलांसाठी तयार केलेला, १९८९ मध्ये प्रसिद्ध झाला. तो ० ते ५ एवढाच असतो आणि २ किंवा कमी म्हणजे कोमा. त्यात डोळ्यांसाठी बघतात काय, तर आईचा चेहरा हलेल तशी मूल नजर फिरवतं का. गडचिरोलीसारख्या मलेरियाच्या भागातून आलेल्या मुलाच्या कागदावर "बीसीएस २" असं दिसलं तर ते १५ पैकी समजू नका, त्या गोंधळात नातेवाईक रात्रभर रडत बसलेले मी पाहिलेत.

आणि एक गोष्ट जी तक्त्यात नाही. मेळघाटातून आलेल्या मुलाला आम्ही मराठीत "जीभ दाखव, हात वर कर" म्हणत होतो, तो ढिम्म. आजी आली, कोरकूत काहीतरी म्हणाली, आणि पोराने जीभ बाहेर काढली. म्हणजे एम ६ होता आणि कागदावर ५ चालला होता. घरी कुठली भाषा बोलता, लाडाचं नाव काय, हे आम्ही विचारलं नाही तरी तुम्ही सांगा.

डॉक्टर नखावर पेन दाबतात, खांद्याला चिमटा काढतात, बघवत नाही. गरज आहे का?

आहे. मला माहितीये की आईला ते बघणं किती जड जातं, म्हणून मी आधी सांगते आणि कधी कधी बाहेर थांबायला सांगते. हाकेला जे मूल काहीच करत नाही त्याचा मेंदू किती खोलवर गप्प झालाय हे दुखवल्याशिवाय कळत नाही. पण त्याचीही पद्धत आहे. आधी हाक, मग स्पर्श, मग दुखवणं, आणि तेही ठरलेल्या जागी, नखाच्या मुळाशी, खांद्याच्या स्नायूला किंवा भुवईच्या हाडाखाली, काही सेकंद. दर तासाला छाती रगडून निळे डाग पाडायची काही गरज नाही, तसे डाग दिसले तर बोला, तुमचा हक्क आहे.

स्कोअर ३ आलाय. संपलं का सगळं?

या प्रश्नासाठीच मी हे लिहायला बसले. पहिल्या तासाचा ३ हा आकडा एकटा काहीच ठरवत नाही. का ते सांगते.

एक मुलगा, दहा वर्षांचा, ऊसतोडीला आलेल्या कुटुंबातला, कोपीत जमिनीवर झोपलेला. पहाटे पोटात दुखतंय म्हणून उठला, उलटी झाली, मग पापण्या मिटायला लागल्या, आई म्हणाली झोप येतेय त्याला. तासाभरात आवाज गेला, मग श्वास. आमच्याकडे आला तेव्हा घशात नळी, कुणीतरी फुगा दाबतंय, डोळ्यांच्या बाहुल्या मोठ्या झालेल्या, टॉर्चला हलत नाहीत, नखावर दाबलं तरी काही नाही. ३. आधीच्या ठिकाणी वडिलांना सांगितलं होतं की मेंदू गेलाय, घरी न्या. आमच्या मॅडमनी पहिला प्रश्न विचारला, "जमिनीवर झोपला होता का?" मण्यार. हा साप चावला की बऱ्याचदा जखम दिसतही नाही, सूज नाही, आणि विष मेंदूला हात लावत नाही, ते नसांकडून स्नायूंना जाणारा निरोप तोडतं, त्यामुळे पापण्या, जीभ, छाती, कधी कधी बाहुल्यासुद्धा लुळ्या पडतात. मूल आतून जागं असू शकतं. सापाच्या विषावरचं इंजेक्शन सुरू होतंच, बाकी काम व्हेंटिलेटरने केलं. चौथ्या दिवशी मी पाय पुसत होते तर अंगठा हलला. मी "बाळा, परत हलव" म्हटलं, परत हलला. नंतर बोलायला लागल्यावर त्याने आईला सांगितलं की तू रडत होतीस ते मला ऐकू येत होतं.

अशी फसवणारी कारणं अजून आहेत. धोतऱ्याच्या बिया खाल्लेल्या मुलाच्या बाहुल्या मोठ्या आणि स्थिर होतात, आणि ते विषाचं लक्षण असतं, मेंदू मेल्याचं नाही. झोपेची औषधं आणि स्नायू शिथिल करणारी औषधं चालू असताना काढलेला जीसीएस औषधाचा असतो, मुलाचा नाही. अंग खूप थंड पडलेलं असेल, बीपी पडलेलं असेल, रक्तातली साखर कमी असेल तर तेच, आधी ते सुधारायचं आणि मग परत मोजायचं. साखर तर एका थेंबात एका मिनिटात कळते, ती पहिल्याच मिनिटात बघितली की नाही हे विचारायला अजिबात लाजू नका. आकडी थांबल्यावरसुद्धा मूल काही वेळ गाढ असतं, आणि कधी कधी बाहेरून आकडी थांबलेली दिसते पण मेंदूत चालूच असते, हातपाय शांत, फक्त पापणी किंवा ओठाचा कोपरा फडफडतोय, ते ईईजी (मेंदूच्या लहरींची तपासणी) लावल्याशिवाय पकडता येत नाही, आणि पकडलं तर औषध आहे.

सारखा सारखा डोळ्यात टॉर्च का मारतात?

बाहुली उजेडाला आकसते की नाही यावरून मेंदूच्या देठाची, म्हणजे श्वास आणि नाडी सांभाळणाऱ्या खालच्या भागाची, खबर मिळते. साखर, सोडियम, लिव्हर, किडनी अशा बिघाडामुळे आलेल्या कोमात बाहुल्या बहुतेक वेळा उजेडाला नीट हलतात. एक बाहुली मोठी आणि एक लहान झाली तर आत दाब वाढून मेंदू एका बाजूला सरकत असल्याची शक्यता असते, आणि तेव्हा धावपळ होते, डोकं ३० अंश वर, दाब उतरवायला मॅनिटॉल किंवा ३ टक्के सलाइन, सीटी, वेळ पडली तर ऑपरेशन. तुम्हाला फरक दिसला तर डॉक्टरांची वाट बघू नका, सिस्टरला हाक मारा. नाडी मंद होत जाणं, बीपी चढणं आणि श्वास अनियमित होणं, हे तिन्ही एकत्र दिसलं तर तोही दाबाचाच इशारा.

त्याने माझा हात घट्ट धरला! डॉक्टर म्हणतात रिफ्लेक्स आहे. खरं काय?

दोन्ही शक्य आहे, आणि तपासायचा साधा उपाय आहे. तळहातात बोट ठेवलं की बोटं मिटणं ही मुळातली प्रतिक्रिया असते, तान्ह्या बाळात तर असतेच आणि मेंदूला इजा झाली की मोठ्या मुलातही परत येते. म्हणून "धर" म्हणून बघू नका, "सोड" म्हणा. किंवा "जीभ दाखव", "दोन बोटं दाखव". सांगितल्यावर, न सांगता घडणार नाही अशी गोष्ट दोनदा घडली तर ती मोठी बातमी आहे. मोबाईलवर व्हिडिओ काढा, वेळ लिहून ठेवा, राउंडला दाखवा. आई पहिल्यांदा बघते आणि आम्ही नंतर, असं मी खूपदा पाहिलंय, आईचं म्हणणं उडवून लावणाऱ्या माणसाशी मी भांडते.

मग वाचेल की नाही, कसं राहील, हे ठरतं कशावरून?

सगळ्यात आधी कोमा कशामुळे आला त्यावरून. एकच स्कोअर, एकच वय, पण कारण वेगळं तर पुढची गोष्टच वेगळी.

साखर कमी झाली आणि लगेच भरून काढली तर मूल सलाइन संपायच्या आत बोलायला लागतं, पण तीच साखर तासन्‌तास कमी राहिली तर मेंदूला कायमची इजा होऊ शकते. मधुमेहाची पहिली ओळखच काही मुलांना बेशुद्धीने होते, नीट उपचार मिळाले तर त्यातली बहुतेक मुलं पूर्ण बरी होतात. मेंदूच्या मलेरियात उपचार मिळालेली बरीच मुलं दोन-तीन दिवसांत शुद्धीवर येतात, तरीही हा आजार जीवघेणा आहे आणि काहींना मागे आकडी किंवा शिकण्यातल्या अडचणी राहतात. जपानी मेंदूज्वर जास्त क्रूर, मेंदूला सूज आलेल्यांपैकी ३० टक्क्यांपर्यंत दगावतात आणि ३० ते ५० टक्क्यांमध्ये कायमचं काहीतरी मागे राहतं, आणि याला लस आहे, म्हणून तुमच्या जिल्ह्यात देतात का ते विचारून घ्या. चंडीपुरा हा विषाणू तर आपल्याच नागपूरजवळच्या चंडीपुरा गावात १९६५ मध्ये सापडला, २००३ मध्ये आंध्र आणि महाराष्ट्रात, २०२४ मध्ये गुजरातमध्ये त्याने मुलं नेली, सकाळी ताप आणि रात्रीपर्यंत कोमा असा त्याचा वेग असतो, तिथे पहिले तासच सगळं ठरवतात. टीबीचा मेंदूज्वर उलट, दोन-तीन आठवडे ताप, चिडचिड, उलट्या, शाळेत लक्ष नाही, आणि कुणाच्या लक्षात येत नाही. त्यात उपचार सुरू करताना मूल किती शुद्धीत होतं यावर जवळपास सगळं अवलंबून, पहिल्या टप्प्यातलं मूल बहुतेक करून चांगलं होतं, तिसऱ्या टप्प्यात कोमात आलेल्यांचं फार अवघड.

कारणानंतर येतो तो कल. तीन दिवसांत एम २ वरून ४ वर गेला का ५ वरून ३ वर आला, ही रेघ एका आकड्यापेक्षा जास्त बोलते. मग मधल्या काळात काय काय झालं, बीपी किती वेळ पडलं, ऑक्सिजन किती वेळ कमी होता, आकड्या आटोक्यात आल्या का, ताप उतरला का. पहिली इजा होऊन गेली ती गेली, ही दुसरी इजा मात्र टाळता येते, आमची निम्मी ड्युटी त्याच्यामागे धावण्यात जाते.

मूल दगावण्याचा धोका मोजणारे प्रिझम, पिम असे स्कोअरही कानावर पडतील. ते शंभर सारख्या मुलांचं सांगतात, तुमचं मूल त्या शंभरातलं कुठलं ते सांगत नाहीत.

बाळ विहिरीत पडलं होतं, हृदय थांबलं होतं, परत चालू झालं. डॉक्टर म्हणतात ७२ तास थांबा. एवढं कशाला थांबायचं?

हृदय थांबल्यामुळे पूर्ण मेंदूचा प्राणवायू तुटतो, म्हणून डोक्याच्या मारापेक्षा हे जास्त वाईट असतं, खोटं सांगण्यात अर्थ नाही. पाण्याखाली किती मिनिटं होतं, काठावरच कुणी छाती दाबून तोंडाने श्वास दिला का, दवाखान्यात येताना स्वतःचा श्वास होता का, हे फार महत्त्वाचं. पाच मिनिटांच्या आत बाहेर काढलेल्यांची आशा चांगली असते, वेळ वाढेल तशी ती झपाट्याने कमी होते. परदेशातल्या बर्फाच्या पाण्यातल्या चमत्कारांच्या बातम्या व्हॉट्सॲपवर येतात, आपल्या विहिरीचं पाणी तेवढं थंड नसतं.

७२ तास यासाठी की सुरुवातीला औषधं, कमी तापमान, सूज यात खरं चित्र झाकलेलं असतं. त्याआधी "काही उपयोग नाही" म्हणून हात आखडता घेतला तर मूल त्यामुळेच जातं आणि मग भाकीत खरं ठरल्यासारखं दिसतं. आणि तीन दिवसांनीसुद्धा कुठलीही एकच तपासणी पुरेशी नसते, बाहुल्या, एम स्कोअर, ईईजी, एमआरआय सगळं एकाच दिशेला बोट दाखवत असेल तेव्हाच डॉक्टर ठामपणे बोलतात, बोलायला हवं.

एमआरआय केला की स्पष्ट कळत नाही का?

बरंच कळतं, सगळं नाही. पहिल्या दिवशीचा सीटी रक्तस्राव आणि ऑपरेशन लागेल का ते दाखवतो, पण प्राणवायू कमी पडून झालेली इजा त्यात नॉर्मल दिसू शकते, म्हणून "सीटी नॉर्मल आहे" यावर पेढे वाटू नका. त्या इजेसाठी साधारण दोन ते पाच दिवसांमधला एमआरआय जास्त उपयोगी. ईईजीत आवाजाला, स्पर्शाला लहरी बदलत असतील तर चांगलं लक्षण, सरळ रेषा असेल आणि झोपेचं औषध चालू नसेल तर वाईट.

लहान आहे, मेंदू भरून निघेल ना? सगळे तसंच म्हणतात.

हे मला जड मनाने सांगावं लागतं. मुलांचा मेंदू जुळवून घेतो हे खरं, आणि डोक्याला मार लागलेली मुलं वर्षभर आणि त्यापुढेही सुधारत राहताना मी पाहिलीत. पण अगदी लहान वयात मोठी इजा झाली तर जे अजून शिकायचंच आहे तेच अडतं. दोन वर्षांचं मूल चालतंय, खातंय म्हणून घरचे खूश, आणि सहावीत गेल्यावर गणित जमत नाही, राग आवरत नाही, लक्ष लागत नाही. तेव्हा शाळेत सांगून ठेवा की याला अमुक साली असा आजार झाला होता, मास्तर त्याला आळशी म्हणून मारणार नाहीत.

डोळे उघडलेत पण आमच्याकडे बघत नाही. कोमा संपला का?

तांत्रिकदृष्ट्या हो. खरा कोमा सहसा काही दिवस ते काही आठवडेच टिकतो, त्यानंतर मूल एकतर जातं, नाहीतर शुद्धीवर येतं, नाहीतर या मधल्या अवस्थेत जातं जिथे झोप-जाग चालू असते पण ओळख नसते. त्याच्या वरची पायरी म्हणजे अधूनमधून का होईना नजर फिरवणं, आरशाकडे बघणं, आईच्या आवाजाला शांत होणं. हा फरक एका भेटीत कळत नाही, वेगवेगळ्या वेळी, मूल जागं असताना, अनेकदा बघावं लागतं. मार लागून आलेल्या अवस्थेत १२ महिन्यांपर्यंत आणि प्राणवायू कमी पडून आलेल्या अवस्थेत ३ महिन्यांपर्यंत सुधारणेची वाट बघतात, त्यानंतर शक्यता कमी होते, तरी दार पूर्ण बंद झालं असं आता कुणी म्हणत नाही.

ब्रेन डेड म्हणजे कोमाच ना?

नाही. कोमात मेंदू जिवंत आहे. ब्रेन डेडमध्ये मेंदूचा देठसुद्धा कायमचा थांबलेला असतो, स्वतःचा एकही श्वास नाही, आणि कायद्याने तो मृत्यू आहे. १९९४ च्या अवयव प्रत्यारोपण कायद्याप्रमाणे त्यासाठी डॉक्टरांचं चौघांचं मंडळ लागतं, तपासणी कमीत कमी ६ तासांच्या अंतराने दोनदा होते, लहान मुलांत डॉक्टर बहुतेक याहून जास्त अंतर ठेवतात. त्याआधी औषधं, थंडी, विष, साप ही सगळी कारणं बाजूला काढलीच पाहिजेत. वरची मण्यारीची गोष्ट आठवा.

एक डॉक्टर म्हणतात आशा ठेवा, दुसरे म्हणतात फार गंभीर. कुणाचं खरं धरायचं?

दोघांना एकत्र बसवा आणि हे विचारा: कारण नक्की झालंय का? तीन दिवसांत एम कसा बदलला? आत्ता झोपेचं औषध चालू आहे का? ईईजी झाला का? चांगल्यात चांगलं काय होऊ शकतं, वाईटात वाईट काय, आणि सगळ्यात जास्त शक्यता कशाची? पुढचं कधी बोलायचं, कुठली गोष्ट बघून? "वाचेल का" आणि "कसं जगेल" हे दोन प्रश्न वेगवेगळे विचारा, कारण बहुतेक भांडणं तिथेच होतात, एक डॉक्टर पहिल्याचं उत्तर देत असतो आणि दुसरा दुसऱ्याचं. सगळ्या नातेवाइकांनी वेगवेगळं विचारू नका, घरातले दोघंच ठरवा.

आम्ही बाहेर बसून काय करू?

आधीचं सगळं लिहून काढा. ताप कधी आला, आकडी किती मिनिटं चालली, कुठे झोपलं होतं, काय खाल्लं, घरात कुणाची बीपीची, शुगरची, झोपेची औषधं आहेत आणि त्यातल्या गोळ्या मोजून बघा, शेतात फवारणी झाली होती का, घरात कुणाला टीबी आहे का. लपवू नका. सुनेवर बोट येईल म्हणून सासूने औषधाची बाटली लपवली आणि दुसऱ्या दिवशी सांगितली, असंही झालंय, ती रात्र वाया गेली.

भेटीच्या वेळेत नाव घेऊन बोला, नेहमीची गोष्ट सांगा, रोजच्या आवाजात. शेजारी उभं राहून "आता काय राहिलंय" असं बोलू नका, ऐकू येत असेल असं धरूनच वागा.

घरी मूल अचानक बेशुद्ध पडलं तर?

कुशीवर वळवा, तोंडातली उलटी पुसा, १०८ ला फोन करा. कांदा हुंगवणं, चप्पल नाकाला लावणं, दातात चमचा घालणं, पाणी पाजणं, यातलं काहीही नको, पाणी फुप्फुसात जातं. श्वास घेत नसेल तर छाती दाबायला आणि तोंडाने श्वास द्यायला सुरुवात करा. पडलेलं असेल तर मान वळवू न देता आडवं ठेवा. विषाची शंका असेल तर डबा, पान, बी, जे सापडेल ते बरोबर घ्या.

घरी सोडलंय, नळीने भरवतोय. आता कुणाकडे जायचं?

फिजिओथेरपी आयसीयूतच सुरू झालेली असायला हवी, घरी ती थांबू देऊ नका, सांधे आखडायला पंधरा दिवस पुरतात. जिल्हा रुग्णालयात लहान मुलांसाठीचं शीघ्र हस्तक्षेप केंद्र असतं, डीईआयसी म्हणून विचारा, तिथे फिजिओ, बोलणं, ऐकणं, नजर असं एका छताखाली बघतात. कान नक्की तपासून घ्या, मेंदूज्वरानंतर ऐकू येत नाही आणि घरचे समजतात की कळत नाही. भरवताना मूल अर्धवट बसतं ठेवा आणि भरवून झाल्यावर अर्धा तास आडवं करू नका. आकडीचं औषध मूल बरं दिसतंय म्हणून स्वतःहून बंद करू नका. आणि दर महिन्याला, एकाच तारखेला, एक मिनिटाचा व्हिडिओ काढून ठेवा, मान किती धरतो, कुणाकडे बघतो, काय उचलतो. फॉलोअपला गेलात की तोच आधी दाखवा.